सन्निधान आणि शब्द : मनुष्यबळ व्यवस्थापनाची विद्या वर्गात की दुरून?

मनुष्यबळ व्यवस्थापनातले पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठात राहून घ्यावे की ऑनलाइन, हा प्रश्न जालना जिल्ह्यातल्या घरांत बहुधा खर्चाचा, अंतराचा आणि परवानगीचा म्हणून चर्चेला येतो. हे तिन्ही हिशेब खरे आहेत. पण त्यांच्या मुळाशी तत्त्वज्ञानातले दोन जुने प्रश्न आहेत. गुरू समोर नसताना केवळ त्याच्या शब्दातून ज्ञान होते का, हा पहिला. ज्या विद्येचा विषयच माणूस आहे ती माणसांपासून दूर बसून शिकता येते का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकच समजून उत्तर शोधले की निवड चुकते.

पहिल्या प्रश्नाचा फार खोल विचार या जिल्ह्याच्या भूमीशी जोडलेल्या एका पंथाने करून ठेवला आहे. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडीचा जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे तीर्थस्थान असून पंथाचे प्रवर्तक आणि पंथाच्या दृष्टीने देवच असलेले चक्रधरस्वामी यांच्या मराठवाड्यातील भ्रमणाची आठवण तिथे जपली जाते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधर शिष्यांना मागे ठेवून उत्तरापथाला निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. मागे राहिलेल्यांपुढे जो पेच उभा राहिला, त्यासाठी पंथाच्या शास्त्रात दोन नेमक्या संज्ञा आहेत : सन्निधान आणि असन्निधान. सन्निधानात देव समोर असतो; त्याचे बोलणे, पाहणे, एखाद्याला टाकून बोलणे, एखाद्याच्या ताटाकडे लक्ष देणे, हे सारेच बोधाचे साधन. असन्निधानात यातले काहीच उरत नाही. तेव्हा साधकाने अटन करावे, विजनात राहावे, भिक्षेवर जगावे आणि नाम, रूप, लीळा, चेष्टा यांचे स्मरण करावे, असा आचार सांगितला आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. असन्निधानाचा आचार सन्निधानापेक्षा सोपा नाही, उलट अधिक कडक आहे. समोर कोणी नाही म्हणून शिस्त सैल करून चालत नाही. जी शिस्त गुरूच्या नजरेने आपोआप राहत होती ती आता स्वतःला बांधून घ्यावी लागते.

पंथाने आणखी एक काम केले, ते ज्ञानशास्त्राच्या दृष्टीने याहूनही मोलाचे आहे. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साह्याने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला जाऊन विचारले, आठवणी पडताळल्या आणि त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. पुढे केसोबासांनी त्यातली चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने सुटी झाली, पाठ करायला सोयीची झाली, पण नुसत्या सूत्रावरून अर्थ लागेना. कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून, कशाच्या उत्तरादाखल ते वाक्य आले हे कळल्याशिवाय ते अर्धेच राहते. म्हणून सूत्रांचे प्रसंग सांगणारा ‘प्रकरणवश’ पंथात तयार झाला. शब्द दूरवर जाऊ शकतो, शतके ओलांडू शकतो. प्रसंग मात्र त्याच्याबरोबर आपोआप जात नाही, तो कोणीतरी पुन्हा जोडून द्यावा लागतो.

घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी याच प्रश्नाला दोन्ही बाजूंनी हात घातला. त्यांचा दासबोध, म्हणजे वीस दशक आणि दोनशे समास, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिलेला आहे. म्हणजे समोर नसलेल्या वाचकासाठी समोरासमोरचे बोलणे ग्रंथात उतरवलेले आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे : अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, कागद कसा जपावा. दूर जाणाऱ्या शब्दाची एवढी काळजी घेणाऱ्या या माणसाने केवळ ग्रंथावर भिस्त ठेवली नाही. त्याने मठ स्थापले आणि मठामठांत महंत बसवले. ग्रंथाने सांगावे आणि महंताने विचारावे, अशी ही व्यवस्था होती. ग्रीसमध्ये प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसकडून हीच अडचण मांडून घेतली आहे : लिखित शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो, उत्तर देत नाही.

तरीही शब्दापासून थेट ज्ञान कधीच होत नाही, असे म्हणता येत नाही. अद्वैत वेदान्तात या मुद्द्यावर दोन प्रस्थाने उभी आहेत. वाचस्पती मिश्रांच्या भामती प्रस्थानाचे म्हणणे असे की, शब्दाने होते ते परोक्ष ज्ञान. श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन करून मन तयार झाले की त्या मनाला साक्षात्कार होतो. पद्मपाद-प्रकाशात्मन् यांच्या विवरण प्रस्थानाचे म्हणणे असे की, शब्दच अपरोक्ष ज्ञान देऊ शकतो. यासाठी दहाव्या माणसाचा दृष्टान्त देतात. दहा जण नदी उतरून पैलतीरी गेले, मोजू लागले, प्रत्येकाने स्वतःला सोडून नऊच मोजले आणि एक बुडाला म्हणून सगळे रडू लागले. वाटसरूने एकाला सांगितले, ‘दहावा तूच.’ त्या क्षणी त्याला कळले. ना ध्यान, ना अभ्यास. शब्द ऐकला आणि ज्ञान झाले.

या दृष्टान्ताचे बळ कुठे आहे ते नीट पाहिले पाहिजे. शब्द कामी आला, कारण ज्याच्याविषयी तो होता ती वस्तू तिथेच हजर होती. दहावा माणूस हरवलेला नव्हता, फक्त ओळखला गेला नव्हता. तोच वाटसरू शंभर कोसांवरच्या एखाद्या वस्तूविषयी बोलला असता, तर त्याचा शब्द कितीही खरा असला तरी ऐकणाऱ्याला तिची माहिती मिळाली असती, ओळख पटली नसती. शब्दाचे सामर्थ्य केवळ बोलणारा जवळ आहे की दूर यावर ठरत नाही. ज्याच्याविषयी बोलले जाते ते ऐकणाऱ्याच्या जवळ आहे की नाही, यावरही ठरते. वर्ग की ऑनलाइन या वादात पहिल्या जवळिकीचीच चर्चा होते. दुसरीकडे कोणी पाहत नाही, आणि जालन्याच्या विद्यार्थ्यासाठी निर्णायक ठरते ती दुसरीच.

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाचा एक मोठा भाग असा आहे की ज्यात वस्तू आणि शब्द यांच्यात अंतरच नसते. भविष्य निर्वाह निधीत कामगाराच्या वेतनातून १२ टक्के जातात, किमान बोनस ८.३३ टक्के असतो, उपदानाचा हिशेब सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाने होतो. हे रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानातून उत्तम कळते. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो ही वर सोयच. या भागासाठी कोणी घर सोडून जावे, असे शास्त्राच्या आधाराने सांगता येणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यामुळे त्याआधी रेकॉर्ड केलेले कामगार कायद्यांचे पाठ जसेच्या तसे भरवशाचे राहिलेले नाहीत. कल्याण अधिकाऱ्याचेच उदाहरण घ्यावे : १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तो नेमणे बंधनकारक होते, नव्या संहितेत ती मर्यादा २५० वर आली. समोर उभा असलेला शिक्षक बदललेला कायदा त्याच दिवशी बोलून दाखवतो. पडद्यावरचा पाठ कोणी बदलेपर्यंत जुनाच राहतो.

दुसरा भाग वेगळा आहे. शिस्तभंगाच्या चौकशीचे उदाहरण घ्यावे. कामगाराला आरोपपत्र मिळते, त्याला समजेल अशा भाषेत ते असावे लागते, त्याला सहकाऱ्याची मदत घेता येते, साक्षीदारांची उलटतपासणी करता येते, आणि कामकाजाची नोंद वाचून दाखवून तिच्यावर सही घेतली जाते. इतके पुस्तकात असते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. तिथल्या कामगारांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले अनेक जण असतात. रात्रपाळी करून आलेला असा कामगार चौकशीच्या खोलीत येतो आणि पुढे केलेल्या खुर्चीवर बसत नाही. उभ्याउभ्याच, फोरमनकडे नजर न टाकता म्हणतो, ‘साहब, आप जो बोलें.’ पुस्तक शिकलेला नवा अधिकारी लिहितो : आरोप मान्य. मुरलेल्या अधिकाऱ्याला कळते की हे कबूल करणे नाही, ही शरणागती आहे. ज्याला आपले ऐकले जाईल असे वाटतच नाही तो असे बोलतो. तो फोरमनला बाहेर बसायला सांगतो, पाणी मागवतो आणि पहिला प्रश्न आरोपाबद्दल विचारतच नाही. दुसऱ्या पक्षाचे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय देऊ नये हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व दोघांनाही तोंडपाठ असते. ऐकणे म्हणजे काय, हे एकालाच माहीत असते. मनुष्यबळ व्यवस्थापन ही नीतीची विद्या होते ती इथे. एका माणसाची भाकरी दुसऱ्या माणसाच्या ऐकण्यावर अवलंबून असते, आणि ते ऐकणे कमी पडले तर कायद्याचे पालन होऊनही अन्याय घडतो.

जिल्ह्यातले बाकीचे श्रमजीवनही पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत सहज बसत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यापासून जालना हे बियाण्यांचे शहर झाले. संकरित कपाशीचे बियाणे शेतात तयार होते : संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, आणि हे काम फुलाफुलाला हाताने, प्रामुख्याने बायका करतात. त्यांना हजेरीपट नाही, गेट नाही. कंपनी आणि त्या बाई यांच्यामध्ये शेतकरी असतो, ऑर्गनायझर असतो. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाची उचल घेऊन निघतात. यांच्या कामाचे नियम, वेतन, सुरक्षा हाही मनुष्यबळाचाच प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या वर्गातल्या केस स्टडीत मात्र आयटी कंपनीतला कर्मचारी जितक्या वेळा येतो तितक्या वेळा ही माणसे येत नाहीत, आणि ही त्या वर्गांची खरी उणीव आहे.

नियम करणाऱ्यांनी शब्द आणि सन्निधान यांच्यातली सीमारेषा कुठे ओढली आहे तेही पाहण्यासारखे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कृषी, वास्तुकला, विधी हे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाहीत. व्यवस्थापन देता येते. २०२५ साली आयोगाने मानसशास्त्रालाही बंदीच्या यादीत टाकले. म्हणजे माणसाच्या मनाचे शास्त्र दुरून शिकता येत नाही, पण त्याच माणसाला कामावर घेण्याचे, बढती देण्याचे आणि काढून टाकण्याचे शास्त्र दुरून शिकता येते, अशी आजची स्थिती आहे. ही रेषा तत्त्वाच्या कसोटीवर टिकत नाही. रोग्याच्या शरीराला हात लावण्यापूर्वी रोगी पाहिलेला असावा ही अट जितकी रास्त आहे, तितकीच कोणाच्या पोटावर सही करण्यापूर्वी कामगार पाहिलेला असावा ही अटही रास्त आहे. फरक इतकाच की ही दुसरी अट कायद्याने घातलेली नाही, म्हणून ती विद्यार्थ्याने स्वतःवर घालून घ्यायची आहे. असन्निधानाचा आचार कडक असतो तो याच अर्थाने.

पदवीच्या वैधतेविषयी संदेह बाळगण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून या क्षेत्रात आहेत. दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र जाणून घ्यावे : दूरस्थ शिक्षणात छापील अभ्याससाहित्य आणि अभ्यासकेंद्रावरची समुपदेशन सत्रे असतात, ऑनलाइनमध्ये सारे काही इंटरनेटवरून चालते. फ्रँचायझीमार्फत पदवी अभ्यासक्रम चालवायला विनियमांनी मनाई केली आहे, त्यामुळे ‘आमच्याकडेच प्रवेश, आमच्याकडेच परीक्षा’ असे सांगणाऱ्या गल्लीतल्या दुकानापासून दूर राहावे. संस्थेचे आणि तिच्या त्या अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे की नाही, एवढे तपासले की पुरे.

आता वर्गाची बाजू. मराठवाड्यात वर्गाचा अर्थ इतर भागांपेक्षा वेगळा आहे, कारण इथे तो उशिरा आला. निजामाच्या राज्यात जालन्याच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, पुढे त्यालाच मिलिंद हे नाव मिळाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झाले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. आज ते विद्यापीठ जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे आणि तिथे व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाने जे दिले ते केवळ अभ्यासक्रमाने मोजता येत नाही. ज्याच्या पंगतीला आयुष्यात बसलो नसतो त्याच्याबरोबर एका खोलीत राहणे, आपले मत दहा जणांपुढे मांडून ते खोडले जाताना ऐकणे, हे स्वतःच माणसांविषयीचे शिक्षण आहे. माणसे हाताळण्याच्या विद्येत तर ते अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे. भोकरदनच्या किंवा बदनापूरच्या मुलीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. घरी बसून ऑनलाइन शिकणारी मुलगी घरच्या लेखी घरीच असते. व्याख्यान चालू असतानाच पाहुणे येतात, चहा टाकायचा असतो, धाकट्याला बघायचे असते. वसतिगृहात गेलेली मुलगी विद्यार्थिनी असते, आणि तिला तसे पाहायला घरही शिकते. ज्या घरात मुलीला दोन वर्षे बाहेर राहून शिकायला पाठवण्याची ऐपत आणि तयारी आहे, त्या घराने केवळ पैसे वाचतात म्हणून ऑनलाइनकडे वळू नये.

यातून निवडीची कसोटी पुरेशी स्पष्ट होते : शिकणाऱ्याच्या आयुष्यात कोणते सन्निधान आधीच आहे आणि कोणते नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात चार-पाच वर्षे हजेरी, ओव्हरटाइम, पीएफचे अर्ज सांभाळणाऱ्या पदवीधराजवळ विषय रोज हजर आहे. तो त्या दहा जणांतला आहे. मोजणी चुकते आहे, माणूस हरवलेला नाही. त्याला हवा आहे तो शब्द, आणि शब्द ऑनलाइन येतो. दिवसभर पाहिलेल्या तंट्याला रात्री सिद्धान्ताचे नाव मिळते तेव्हा त्याला झालेले ज्ञान परोक्ष राहत नाही. त्याने नोकरी सोडून दोन वर्षे वर्गात बसणे म्हणजे जवळचा प्रसंग सोडून सूत्राच्या मागे जाणे ठरेल. त्याला एक धोका आहे : आपल्या कारखान्यात जे चालते तेच योग्य असे त्याला वाटू लागते. त्यावर उपाय म्हणून त्याने असा अभ्यासक्रम निवडावा, जिथे शिक्षकाशी थेट बोलण्याची सत्रे आहेत आणि प्रकल्पाची तोंडी परीक्षा होते. वर्षभरात एकदाही कोणी त्याला ‘हे असेच का?’ असे विचारणार नसेल, तर तो अभ्यासक्रम म्हणजे महंताविना मठ.

वर्गात शिकणाऱ्याची उणीव नेमकी उलटी असते. त्याला गुरू आहे, सहाध्यायी आहेत, प्रसंग नाही. उन्हाळ्यातली आठ-दहा आठवड्यांची इंटर्नशिप कारखान्याच्या वातानुकूलित खोलीत एक्सेल भरण्यात गेली तर प्रसंग शेवटपर्यंत येतच नाही. जालन्यातच मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून आहे, आणि तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात शिक्षणाची सत्रे आणि उद्योगातली सत्रे आलटून पालटून येतात. रसायनांसाठी जे आवश्यक मानले गेले ते माणसांविषयीच्या अभ्यासक्रमांत अजून क्वचितच दिसते. तोपर्यंत वर्गातल्या विद्यार्थ्याने इंटर्नशिपसाठी महानगरातले मुख्यालय शोधण्याऐवजी आपल्याच जिल्ह्यातली मिल किंवा बियाणे प्रक्रिया केंद्र निवडावे, आणि तिथे किमान काही आठवडे रात्रपाळीला हजर राहावे.

सर्वांत अवघड स्थिती आहे ती ज्याच्याजवळ दोन्ही सन्निधाने नाहीत त्याची : बी.ए. किंवा बी.कॉम. होऊन घरी असलेला, कधी नोकरी न केलेला, फोनवर ऑनलाइन एमबीए करू पाहणारा तरुण. त्याच्यापर्यंत ना वाटसरू पोहोचतो, ना दहावा माणूस त्याच्या समोर असतो. त्याला पदवी मिळेल. विद्या मिळेल असे म्हणता येत नाही. त्याने आधी एक तरी सन्निधान मिळवावे. परवडत असेल तर वर्ग. नसेल तर काम : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर बिगर-अभियांत्रिकी पदवीधरालाही विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येते, आणि कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात अशी वर्षभराची उमेदवारी करता करता ऑनलाइन पदवीचा अभ्यास करता येतो. उमेदवारी मिळेपर्यंत प्रवेश एक सत्र पुढे ढकलावा लागला, तरी तो ढकलावा.